प्रोचिदा : नेपल्सहून फेरीने एका दिवसात जाऊन येण्याचे शांत बेट

नेपल्सच्या आखातात प्रवाशांच्या ओळखीची तीन बेटे आहेत. काप्रीचे नाव सर्वांनी ऐकलेले असते, इस्किया गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि या दोघांच्या मानाने लहान असलेले प्रोचिदा बहुतेकांच्या कार्यक्रमातून सहज सुटते. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम 4 चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर सुमारे दहा हजार माणसे राहतात. म्हणजे दाट वस्तीचेच हे बेट आहे, आणि तेथील शांतता निर्जनतेतून आलेली नाही. मासेमारी, लिंबांच्या बागा आणि व्यापारी जहाजांवरील नोकरी यांवर येथील घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. जहाजावरचे अधिकारी घडवणारी येथील नौकानयन शाळा 1833 पासूनची आहे. प्रवासी नसले तरी या गावाचे व्यवहार चालूच राहतात आणि आपण त्यात काही तासांपुरते पाहुणे असतो. 2022 साली प्रोचिदा इटलीची सांस्कृतिक राजधानी होती. तेव्हापासून त्याचे नाव अधिक ऐकू येऊ लागले, तरीही काप्रीच्या धक्क्यावर उन्हाळ्यात जी रेटारेटी असते ती येथे क्वचितच दिसते.

हा लेख नेपल्समध्ये मुक्काम असलेल्या आणि एक पूर्ण दिवस हाताशी असलेल्या प्रवाशासाठी आहे. रोमहूनही ही सहल करता येते, कारण वेगवान रेल्वे रोम ते नेपल्स अंतर साधारण सव्वा तासात कापते. परंतु रेल्वे, मेट्रो आणि फेरी यांच्या वेळा एकाच सकाळी जुळवाव्या लागतात आणि बेटावर मिळणारा वेळ फार आक्रसतो. शक्य असल्यास आदल्या रात्री नेपल्समध्ये राहावे.

दिवसाची आखणी परतीच्या फेरीपासून करावी

बेटाच्या सहलीत बहुतेक जण जाण्याची फेरी आधी ठरवतात आणि परतीचे तिकडे गेल्यावर पाहू म्हणतात. प्रोचिदाच्या बाबतीत मी याच्या उलट क्रम सुचवतो. परतीच्या फेऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात आणि त्या सगळ्या एकाच ठिकाणी जात नाहीत. एक बोट नेपल्सच्या एका धक्क्याला लागते, दुसरी नेपल्सच्याच दुसऱ्या धक्क्याला आणि तिसरी पोत्सुओली या वेगळ्या गावाला. शिवाय संध्याकाळच्या अनेक बोटी इस्कियाहून निघून प्रोचिदाला थांबतात, त्यामुळे शनिवारी-रविवारी त्या आधीच भरलेल्या असण्याची शक्यता असते.

म्हणून आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. आपल्याला हव्या त्या धक्क्याकडे जाणारी शेवटची फेरी किती वाजता आहे, तिच्या आधीची कोणती आहे, आणि पोत्सुओलीकडे जाणारी शेवटची फेरी कोणती आहे. यांपैकी शेवटच्या आधीची फेरी हीच आपली फेरी मानावी, आणि शेवटची केवळ अडचणीसाठी राखून ठेवावी. हे एकदा ठरले की बेटावर किती तास मिळणार हे कळते आणि त्यात काय बसेल व काय सोडावे लागेल याचा निर्णय धक्क्यावर उभे राहून करावा लागत नाही. सहा ते सात तास मिळाले तर दिवस निवांत जातो. चार तासांपेक्षा कमी मिळत असतील तर बेटाचा केवळ पूर्वेकडचा अर्धा भाग पाहावा.

कोणत्या धक्क्यावरून, कोणत्या बोटीने

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

नेपल्सच्या बंदरात बेटांकडे जाणाऱ्या बोटींचे दोन मुख्य धक्के आहेत. पहिला मोलो बेव्हेरेल्लो, कास्तेल नुओव्हो या जुन्या किल्ल्याच्या समोर. येथून हायड्रोफॉइल आणि तत्सम वेगवान बोटी सुटतात, ज्यांना तेथे ‘आलिस्काफो’ म्हणतात. दुसरा कालाता पोर्ता दी मास्सा, बेव्हेरेल्लोपासून सुमारे एक किलोमीटरवर. येथून मोटारी वाहून नेणाऱ्या मोठ्या, संथ बोटी सुटतात, त्या ‘त्राघेत्तो’. मुंबईकरांना हा फरक लगेच उमजेल : भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आणि गेटवेवरून सुटणारी प्रवासी बोट ही जशी वेगवेगळ्या ठिकाणांहून निघणारी दोन वेगळी वाहने आहेत, तसेच येथेही आहे. चुकीच्या धक्क्यावर पोहोचलात तर एक किलोमीटर चालण्यात बोट जाते, म्हणून तिकिटावर छापलेले धक्क्याचे नाव निघण्यापूर्वी वाचावे.

वेगवान बोट सुमारे चाळीस मिनिटांत प्रोचिदाला पोहोचते, तर संथ बोटीला तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. वेगवान बोटीचे तिकीट महाग असते, प्रवासी बंद कक्षात बसतात आणि काचांवर समुद्राचे पाणी वाळून पांढरे झालेले असल्याने बाहेरचे फारसे दिसत नाही. संथ बोट स्वस्त आहे आणि तिच्या वरच्या उघड्या डेकवर उभे राहता येते. माझे मत विचाराल तर जाताना संथ बोटच घ्यावी. मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि नेपल्सचे चढत गेलेले शहर, उजव्या हाताला पोझिल्लिपोचा डोंगर, मग निसिदाचे लहानसे बेट आणि शेवटी मिसेनोचे सपाट माथ्याचे भूशिर, असा आखाताचा सगळा उत्तर काठ त्या तासाभरात डोळ्यांसमोरून जातो. मिसेनो येथे रोमन साम्राज्याच्या आरमाराचा तळ होता आणि इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा त्या आरमाराचा प्रमुख आणि लेखक थोरला प्लिनी तेथूनच जहाजे घेऊन निघाला होता. परतीच्या वेळी अंधार पडू लागलेला असतो आणि पाय दुखत असतात, तेव्हा वेगवान बोटीचे जादा पैसे मोजणे योग्य ठरते.

नेपल्सच्या मुख्य रेल्वे स्थानकाखालील गारिबाल्दी स्थानकातून मेट्रोची पहिली मार्गिका पकडून ‘मुनिचिपियो’ येथे उतरावे. बेव्हेरेल्लो तेथून अगदी जवळ आहे. पोर्ता दी मास्साला जायचे असल्यास त्याच मार्गिकेवर एक स्थानक आधी, म्हणजे ‘उनिव्हेर्सिता’ येथे उतरून समुद्राच्या दिशेने चालत जाता येते.

तिसरा पर्याय पोत्सुओलीचा. हे गाव नेपल्सच्या पश्चिमेला आहे आणि तेथून प्रोचिदा साधारण पस्तीस ते चाळीस मिनिटांवर येते, तेही संथ बोटीने आणि सहसा कमी पैशांत. नेपल्सच्या मोंतेसांतो स्थानकातून सुटणारी कुमाना रेल्वे पोत्सुओलीच्या बंदराजवळ नेऊन सोडते. मेट्रोची दुसरी मार्गिकाही पोत्सुओलीला जाते, पण तिचे स्थानक गावाच्या वरच्या अंगाला असल्याने तेथून बंदरापर्यंत उतरत यावे लागते. हा मार्ग निवडल्यास बोटीच्या आधी अर्धा तास हाताशी ठेवून बंदरालगतच्या रोमन बाजारपेठेचे अवशेष अवश्य पाहावेत. तेथे उभ्या असलेल्या तीन संगमरवरी खांबांवर, माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी वर, समुद्री शिंपल्यांनी पाडलेल्या छिद्रांचा पट्टा आहे. येथील जमीन शतकानुशतके खाली जाते आणि पुन्हा वर येते, त्यामुळे हे खांब एके काळी निम्मे समुद्रात बुडालेले होते. 1982 ते 1984 या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली होती, आणि गेली काही वर्षे ती पुन्हा हळूहळू वर येत आहे. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की या भागात लहान भूकंपाचे धक्के बसतात आणि त्यानंतर रुळांच्या तपासणीसाठी रेल्वे काही काळ थांबवली जाते. म्हणून पोत्सुओलीमार्गे जाताना तासाभराची सवड ठेवावी.

नकाशावर ‘मोन्ते दी प्रोचिदा’ असे एक नाव दिसेल. ते बेट नसून समोरच्या मुख्य भूमीवरील गाव आहे. मोबाइलमध्ये नुसते ‘प्रोचिदा’ असे शोधून बसमध्ये बसणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

वेळापत्रक वाचणे आणि तिकीट काढणे

या मार्गांवर प्रामुख्याने कारेमार, स्नाव, मेदमार आणि जेस्तुर या कंपन्यांच्या बोटी चालतात. एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीत चालत नाही. वेळापत्रके ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून मित्राने गेल्या वर्षी पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या तारखेचे वेळापत्रक पाहावे.

वेळापत्रकात दोन शब्द वारंवार येतात. ‘फेरियाले’ म्हणजे कामाचा दिवस, आणि त्यात शनिवारही येतो; ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार आणि सार्वजनिक सुट्टी. एखाद्या फेरीपुढे ‘फेरियाले’ लिहिलेले असेल तर ती रविवारी सुटणार नाही. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल ते जून या काळात युरोपला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी इटलीतील 25 एप्रिल, 1 मे आणि 2 जून या सुट्ट्या ध्यानात ठेवाव्यात. त्या दिवशी रविवारचे वेळापत्रक लागू होते आणि स्थानिक लोकही सहलीला निघालेले असतात.

तिकीट ऑनलाइन काढता येते आणि धक्क्यावरच्या खिडकीवरही मिळते. साध्या कामाच्या दिवशी अर्धा-पाऊण तास आधी पोहोचल्यास खिडकीवरचे तिकीट पुरते. जुलै-ऑगस्टमध्ये किंवा शनिवार-रविवारी मात्र दोन्ही बाजूंची तिकिटे आधीच काढून ठेवावीत. जाण्या-येण्याचे एकत्र तिकीट मागण्याऐवजी दोन वेगळी तिकिटे काढणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी, किंवा जाताना पोत्सुओली आणि येताना बेव्हेरेल्लो, अशी निवड मोकळी राहते. मोठ्या बॅगांसाठी वेगळे शुल्क लागू शकते, आणि तसेही पायऱ्यांच्या या बेटावर चाकांची बॅग ओढत नेण्यात काही अर्थ नाही. नेपल्सच्या मुख्य स्थानकावर सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे. पारपत्र जवळ ठेवावे.

समुद्र खवळला तर वेगवान बोटी आधी रद्द होतात आणि मोठ्या संथ बोटी बऱ्याचदा चालू राहतात. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी बेव्हेरेल्लोच्या खिडकीवर नकार मिळाला तरी लगेच हॉटेलकडे परतू नये. पोर्ता दी मास्सा आणि पोत्सुओली येथील स्थिती विचारून घ्यावी. मात्र हवामानाचा अंदाज दुपारनंतर बिघडणार असे सांगत असेल तर सकाळच्या शांत समुद्राला भुलून जाऊ नये. ज्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे विमान असेल त्या दिवशी बेटाची सहल ठेवूच नये, हा नियम मी कोणत्याही ऋतूत मोडणार नाही. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी संथ बोट घ्यावी, तिच्या मध्यभागी, उघड्या हवेत बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

ऋतू

एप्रिलअखेर ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा उत्तम काळ. मे महिन्यात पाणी अजून थंड असते, पोहण्याची हौस असेल तर सप्टेंबर निवडावा. 15 ऑगस्टच्या आसपास सारी इटली सुट्टीवर असते, तेव्हा शांततेसाठी येथे येऊ नये. हिवाळ्यात बेट फार सुंदर दिसते असे म्हणतात ते खरे आहे. पण बरीच उपाहारगृहे बंद असतात आणि फेऱ्या रद्द होण्याचे प्रमाण वाढते.

गुड फ्रायडेला येथे मोठी मिरवणूक निघते. बेटावरचे तरुण महिनोन्‌महिने खपून बायबलमधील प्रसंगांचे देखावे तयार करतात आणि निळ्या-पांढऱ्या वेशात ते खांद्यांवरून वरच्या गावातून बंदराकडे आणतात. ती पाहायची असेल तर एका दिवसाची सहल पुरत नाही, कारण मिरवणूक सकाळीच निघते आणि त्या दिवशी बोटींना गर्दी असते; आदल्या रात्री बेटावर राहण्याची सोय बरीच आधी करावी.

सकाळ : बंदरातून वरच्या गावाकडे

नेपल्सहून निघालेल्या अनेक बोटी प्रोचिदाला थोडाच वेळ थांबून पुढे इस्कियाला जातात. त्यामुळे बंदर दिसू लागताच खाली दारापाशी येऊन उभे राहावे आणि कर्मचारी बेटाचे नाव पुकारतात त्याकडे लक्ष ठेवावे. मोठ्या बोटीत मोटारी आणि माणसे एकाच रॅम्पवरून उतरतात, लहान मुलांचा हात तेव्हा सोडू नये.

आपण उतरतो ते बंदर मारिना ग्रांदे. पाण्याकाठी रंगीत घरांची ओळ, एक पिवळे चर्च, कॉफीची दुकाने आणि तिकिटांच्या खिडक्या. पहिले काम हे, की परतीच्या बोटीची खिडकी कोणती आणि बोट धक्क्याच्या कोणत्या टोकाला लागते हे पाहून घ्यावे, आणि परतीचे तिकीट नसेल तर तेथेच काढावे. दुसरे काम कॉफी आणि ‘लिंगुआ’. हा लांबट, जिभेच्या आकाराचा, पापुद्रे सुटलेला गोड पदार्थ आत लिंबाचे क्रीम भरून मिळतो आणि तो सकाळी ताजा असतानाच खावा.

बंदरावर न रेंगाळता लगेच वर निघावे असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्यामागे प्रकाशाचे कारण आहे. कोरिचेल्ला या कोळीवाड्याचे जे दृश्य सर्वत्र छायाचित्रांत दिसते, ते पूर्वेकडच्या टेकडीवरून पश्चिमेकडे पाहताना दिसते. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे गुलाबी, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या भिंती उजळलेल्या असतात. दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर येते आणि रंग फिके पडतात.

बंदराच्या मागून जाणारा व्हिया व्हित्तोरिओ एमानुएले हा रस्ता चढत जातो. दहा-पंधरा मिनिटांत पियात्सा देई मार्तिरी हा चौक लागतो. 1799 साली नेपल्समध्ये अल्पकाळ टिकलेले प्रजासत्ताक कोसळल्यावर राजसत्तेने फाशी दिलेल्या प्रोचिदाच्या माणसांची स्मृती या नावात आहे. चौकाच्या एका बाजूने कोरिचेल्ला पहिल्यांदा दिसते. तेथून पुढे चढण तीव्र होते आणि वाटेत जुन्या तोफा ठेवलेला कठडा लागतो. सर्वांत चांगले दृश्य तेथून दिसते.

चढाच्या शेवटी तेर्रा मुराता, म्हणजे तटबंदीचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे 90 मीटरवर असलेला हा बेटाचा सर्वांत उंच भाग आहे. समुद्री लुटारूंचे हल्ले होत असत त्या शतकांत लोक पाण्यापासून दूर या कड्यावर एकवटून राहत, आणि भय ओसरल्यावर वस्ती खाली उतरत गेली. ही गोष्ट मनात ठेवली तर बेटाची रचना आपोआप कळते : वर दगडी भिंतींचे, आत वळलेले गाव आणि खाली पाण्याशी भिडलेली, उघड्या कमानींची घरे. तेर्रा मुरातामध्ये सान मिकेले आर्कांजेलो हे मठाचे चर्च पाहावे. मिकेले हा बेटाचा रक्षक संत आहे, आणि चर्चमधील सतराव्या शतकाच्या अखेरच्या चित्रात तो लुटारूंच्या जहाजांपासून प्रोचिदाचे रक्षण करताना दाखवला आहे. चर्च दुपारी बंद राहते, म्हणून सकाळीच जावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

त्याच टेकडीवर पालात्सो दाव्हालोस ही प्रचंड इमारत आहे. 1563 च्या सुमारास कार्डिनल इन्निको दाव्हालोस याने ती बांधवली, पुढे ती नेपल्सवर राज्य करणाऱ्या बुर्बों घराण्याच्या राजांकडे गेली, 1830 मध्ये तिचा तुरुंग झाला आणि तो 1988 पर्यंत चालू होता. येथील कैदी कापड विणत आणि शेती करीत. आत केवळ मार्गदर्शकासोबत, आधी नोंदणी करून जाता येते. रिकाम्या कोठड्या आणि पडझड झालेल्या खोल्या पाहणे सर्वांना रुचेल असे नाही, पण त्या इमारतीच्या खिडक्यांतून आखाताचे जे रूप दिसते ते पाहिल्यावर तेथे आयुष्य काढलेल्या माणसांचा विचार बराच वेळ मनातून जात नाही. शक्य असेल त्याने ही नोंदणी अवश्य करावी आणि दिवसाची आखणी करताना त्यासाठी दीड तास बाजूला ठेवावा.

कोरिचेल्ला आणि जेवण

तेर्रा मुराताहून पुन्हा चौकाकडे उतरावे आणि जवळपासच्या कोणत्याही पायऱ्यांनी खाली जावे. कोरिचेल्लाला मोटार जात नाही, सगळ्या वाटा पायऱ्यांच्याच आहेत. खाली धक्क्यावर जाळी पसरलेली असतात आणि ती दुरुस्त करणारी माणसे काम करीत असतात. जाळ्यांवर पाय देऊ नये, आणि माणसांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. येथील घरे एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी रचलेली आहेत. बाहेरून चढणारे जिने आणि ‘व्हेफियो’ नावाचे कमानीदार सज्जे ही त्यांची खूण आहे. कोणाचा जिना कोठे संपतो आणि कोणाची गच्ची कोठे सुरू होते हे शोधत अर्धा तास सहज जातो, आणि तो जाऊ द्यावा.

जेवणाची वेळ साधारण साडेबारा ते तीन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते आणि संध्याकाळपर्यंत फक्त कॉफी, सँडविच असे मिळते. आपल्या उशिरा जेवण्याच्या सवयीला येथे मुरड घालावी लागते. मासे खाणाऱ्यांनी त्या दिवशीचा मासा कोणता आहे हे विचारून मागवावे, आणि तो वजनावर विकला जात असल्यास किंमत आधी ठरवून घ्यावी. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून प्रत्येक माणसामागे एक लहान रक्कम लागते, ती सर्वत्रच असते.

शाकाहारी मंडळींनी येथील लिंबाची कोशिंबीर जरूर मागवावी. प्रोचिदाच्या मोठ्या लिंबाची साल वरवर काढतात, आतला जाड पांढरा गर ठेवतात, त्याचे तुकडे करतात आणि त्यात कांदा, पुदिना, मिरची, मीठ व ऑलिव्हचे तेल घालतात. हे लिंबू आपल्या लिंबासारखे नुसत्या रसाचे नसते. त्याचा गर गोडसर लागतो आणि पावाबरोबर तो पोटभरीचा होतो. याखेरीज टोमॅटोचा पास्ता, बटाटे आणि प्रोव्होला चीज घातलेला पास्ता, वांग्याची पारमिजाना असे पदार्थ मिळतात. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, असे दोन्ही सांगावे. केवळ मांस नको म्हटल्यास टोमॅटोच्या रश्शात ‘आलीची’, म्हणजे लहान मासे, येऊ शकतात. पारमेजान चीज करताना वासराच्या पोटातील विरजण वापरतात, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ म्हणून चीजच नाकारावे.

दुपार : बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे

कोरिचेल्लाहून पुन्हा पायऱ्या चढून रस्त्यावर यावे. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेले क्यायोलेल्ला हे लहान बंदर मारिना ग्रांदेपासून सुमारे तीन किलोमीटर आहे. ते चालत जाता येते, परंतु एक इशारा द्यायला हवा : प्रोचिदाचे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना बागांच्या उंच भिंती आहेत, पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीत आणि त्यातूनच बस, स्कूटर व विजेच्या सायकली वेगाने जातात. लहान मुलांसह असाल तर सरळ बस घ्यावी. बसचे तिकीट बंदराजवळच्या तंबाखूच्या दुकानातून चढण्यापूर्वी घ्यावे आणि परतीचेही त्याच वेळी घेऊन ठेवावे. तीनचाकी किंवा लहान गाड्यांची टॅक्सीही मिळते. भाडे आधी विचारावे.

क्यायोलेल्लाचे बंदर अर्धगोल आहे, कारण ते एका जुन्या ज्वालामुखीच्या विवराचा उरलेला काठ आहे. सगळे बेटच अशा अनेक विवरांच्या राखेपासून बनलेल्या मऊ ‘टफ’ दगडाचे आहे, आणि म्हणूनच येथील वाळू काळपट दिसते. बंदराच्या पलीकडे पश्चिमेला तोंड करून चिराचेल्लो आणि चिराच्चो हा लांब किनारा पसरला आहे. त्याचा काही भाग खुर्च्या-छत्र्या भाड्याने देणाऱ्यांकडे असतो आणि काही मोकळा असतो. टॉवेल, पाणी आणि टोपी आपल्याजवळ असेल तर मोकळ्या भागात बसावे. उन्हाळ्यात काळी वाळू दुपारी पाय भाजेल इतकी तापते, चपला पाण्यापर्यंत न्याव्यात.

समोर पुलाने जोडलेले व्हिव्हारा हे चंद्रकोरीच्या आकाराचे लहान बेट दिसते. 2002 पासून ते संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. तेथे कांस्ययुगातील वस्तीचे अवशेष आणि ग्रीसहून आलेली, तेथील प्राचीन मायसिनी संस्कृतीची मातीची भांडी सापडली आहेत, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या खाडीत बाहेरची जहाजे येत होती. आत जाण्यासाठी ठरावीक दिवशी आधी नोंदणी करून मार्गदर्शकासोबत जावे लागते. एका दिवसाच्या सहलीत पालात्सो दाव्हालोस आणि व्हिव्हारा दोन्ही बसवण्याचा हट्ट धरू नये. पक्षी, झाडे आणि चालणे यांची आवड असणाऱ्याने व्हिव्हारा निवडावे, इतरांनी पालात्सो.

वयस्कर मंडळी सोबत असतील तर

आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हा क्रम बदलावा. मारिना ग्रांदे आणि क्यायोलेल्ला ही दोन्ही बंदरे सपाट आहेत. बंदरावरून टॅक्सीने थेट तेर्रा मुराताला जावे, उतरताना तोफांच्या कठड्यापाशी थांबून कोरिचेल्ला वरूनच पाहावी आणि जेवायला क्यायोलेल्ला गाठावे. कोरिचेल्लाला उतरणे फार कठीण नाही, कठीण आहे ते जेवल्यानंतर भर उन्हात पुन्हा चढणे, कारण दुसरी वाट नाही. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत आणि पावसानंतर निसरड्या होतात. चाकांची खुर्ची किंवा बाबागाडी तेथे नेऊ नये. पुढे-मागे दोन गटांत जायचे असेल तर भेटण्याची जागा आणि वेळ बंदरावरच ठरवून घ्यावी.

परतीचा धक्का

क्यायोलेल्लाहून निघण्याची वेळ ठरवताना बोटीच्या वेळेतून सव्वा तास वजा करावा. बस अरुंद रस्त्यात अडकते, कधी भरून येते आणि थांबत नाही. मारिना ग्रांदेला निदान अर्धा तास आधी पोहोचल्यास धक्का निवांत शोधता येतो. सुटण्याच्या वेळी अनेकदा दोन बोटी जवळजवळ एकाच सुमारास लागतात, एक नेपल्सची आणि एक पोत्सुओलीची. रांगेत उभे राहण्यापूर्वी कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून विचारावे. पोर्ता दी मास्साला उतरणार असाल तर तेथून मेट्रोपर्यंतचे चालणे रात्री अंधाऱ्या बंदरातून असते, त्यामुळे उशिराच्या फेरीसाठी बेव्हेरेल्लोची बोट बरी.

ठरवलेली फेरी चुकली किंवा रद्द झाली तर प्रथम त्याच कंपनीच्या खिडकीवर जावे. रद्द झाली असल्यास पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा दिली जाते. नेपल्सकडची शेवटची बोटही निघून गेली असेल, तर आदल्या संध्याकाळी लिहून ठेवलेली पोत्सुओलीची शेवटची फेरी पाहावी. ती मिळाली तर पोत्सुओलीहून कुमाना किंवा मेट्रोने नेपल्स गाठता येते, मात्र बोट उशिरा पोहोचणार असेल तर रेल्वेची शेवटची गाडी किती वाजता आहे हे बोटीत बसण्यापूर्वी मोबाइलवर पाहावे आणि ती जुळत नसेल तर पोत्सुओलीच्या बंदरावरून टॅक्सीचे पैसे धरून चालावे. तीही फेरी गेली असेल तर इस्कियाला जाणारी बोट पकडू नये, कारण तेथून रात्री परतण्याचा मार्ग आणखी लांबतो. मारिना ग्रांदेवरच्या एखाद्या कॉफीच्या दुकानात रात्रीच्या खोलीची चौकशी करावी आणि सकाळची पहिली बोट घ्यावी.